यांचे गार हात आणि माझा गरम चहा

यंदाच्या थंडीत मी देवाला शब्द दिला, की यांचे हातपाय गरम होईपर्यंत मी गरम चहाला शिवणार नाही. बोलायला अर्धं मिनिट लागलं. निस्तरायला अख्खी थंडी गेली.

नवस बोलणं हा माझा छंदच म्हणा ना. कुणी भरतकाम करतं, कुणी शब्दकोडी सोडवतं, मी नवस बोलते. लेकीला गाडी चालवायचा परवाना मिळावा म्हणून मी वाहनात बसणं सोडलं होतं. (ती परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होत राहिली आणि माझ्या चपलांचे तळ गेले, पण वजन उतरलं, हेही खरं.) एकदा दवाखान्यातली बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त व्हावी म्हणून मी लिफ्ट वापरणं सोडलं. ती बंदच होती, तेव्हा सोडायला तिथे काही शिल्लकच नव्हतं, हे लेकीने मला जिन्यात दाखवून दिलं. मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

नवसाचे नियम मी विचारते शेजारच्या काकूंना. कुठला नवस धरायचा, कुठला बाद, काय चाललं, काय मोडलं, सगळं त्यांना पाठ. आमच्या यांनी त्यांचं नाव नियमकाकू ठेवलंय. (त्यांच्या समोर नाही. समोर हे फक्त मान डोलावतात.)

पण चहाची गोष्ट वेगळी. चहा माझा जीव की प्राण. आमच्या घरी सकाळचा चहा हे करतात, अगदी लग्न झाल्यापासून. स्वतः घेत नाहीत, त्यांना पित्त होतं. माझ्या एकटीसाठी करतात. मी पहाटे उठून जपाला बसते. हे चहा करतात, माझा मोठा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरतात आणि माझ्या मागे स्टुलावर बसून जप संपायची वाट बघतात. माझा जप जरा लांबतो. (प्रत्येक नातेवाइकासाठी वेगळी प्रार्थना असते, आणि नातेवाईक आम्हाला देवाने सढळ हाताने दिलेत.) जप संपला की मी मागे वळते, हे पेला पुढे करतात, मी म्हणते, "बसा ना जरा," हे म्हणतात, "दुकान उघडायचंय," आणि जिना उतरून खाली जातात. आमचा संसार याच दोन वाक्यांवर सुखाने चाललाय.

दुकान म्हणजे शिलाईचं. हे शिंपी. खाली दुकान, वर घर. कोट शिवावा तर यांनीच, असं गावभर म्हणतात, म्हणजे म्हणायचे. यांचा एक जुना नियम आहे: मापं सकाळी, शिलाई दुपारी. का, ते यांनाही माहीत नाही. सकाळी माप घेतलं की कपडा बरोबर बसतो, एवढाच अनुभव.

आता यांचे हात. हात म्हणजे बर्फच. थंडी पडली की बोटांची टोकं पांढरीफटक पडतात, हातातला खडू कुठला आणि बोट कुठलं ते ओळखू येत नाही. पायांची तीच तऱ्हा. दिवसभर फरशीवर उभं राहून कापड बेतायचं, संध्याकाळी पाय आपले आहेत की टेबलाचे, हे वाकून बघावं लागतं. लग्नानंतर पहिल्यांदा यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा मी दचकले होते. यांना वाटलं, लाजले.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षी बँडमास्तर आले.

बँडमास्तर म्हणजे गावच्या बँडचे प्रमुख. उंच, भारदस्त, मिशा वर वळवलेल्या, आणि पोट असं की आधी पोट आत येतं, मग मास्तर. त्यांना कोट हवा होता. हे म्हणाले, "सकाळी या." ते म्हणाले, "सकाळी तालीम असते, संध्याकाळीच घ्या माप." यांनी नियम मोडला. संध्याकाळची वेळ, कडाक्याची थंडी, आणि यांची दहा बर्फाची बोटं बँडमास्तरांच्या पोटाला लागली. मास्तर "आई गं!" म्हणून ओरडले, पोट आत ओढलं, दंड अंगाला चिकटवले, श्वास रोखला. यांनी त्याच अवस्थेतलं माप घेतलं.

कोट सुंदर झाला. मास्तर श्वास रोखून ताठ उभे असले की दृष्ट लागावी असा बसायचा. पण बँडमास्तरने ताठ उभं राहून कसं चालेल? कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी पहिल्या सुरासाठी दोन्ही हात वर केले आणि मधलं बटण उडालं ते थेट मोठ्या ढोलावर. ढुम्म! वाजवणाऱ्यांना वाटलं, इशारा झाला. सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. काही तर वेगळंच गाणं वाजवत होते.

तरी मास्तर मनाचे मोठे. या थंडीच्या तोंडावर दुकानात येऊन म्हणाले, "टेलरसाहेब, यंदा अख्ख्या बँडला नवे कोट करायचेत. आधी माझा एक करा. तो नीट बसला तर बाकीचे सगळे तुमचे. नाही बसला, तर आम्ही तयार कपड्यांच्या दुकानात जाऊ."

ते गेल्यावर हे कितीतरी वेळ टेप बोटाला गुंडाळत बसले. मग वर येऊन म्हणाले, "हा कोट बिघडला ना, तर मी टेप खुंटीला टांगणार."

"असं काय बोलता?"

"गिऱ्हाईक हात लावला की ओरडतं. शिंप्याने काय लांबून काठीने माप घ्यायचं?"

हसत म्हणाले, पण मी यांना ओळखते. टेप गळ्यात नसला तर हे चालताना कुठे बघायचं ते विसरतात.

आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी यांचा हात हातात घेतला आणि त्याही दचकल्या. बाकी प्रकृती ठणठणीत, फक्त रक्त टोकांपर्यंत नीट पोचत नाही, म्हणाल्या. "ऊब ठेवा. हातमोजे, पायमोजे, सतत. आणि पाय बधिर असतात तेव्हा चटका कळत नाही, म्हणून हीटरला पाय टेकवून बसायचं नाही, गरम पाण्याच्या पिशवीवर पाय ठेवून झोपायचं नाही. रोज तळवे नीट बघायचे."

"रोज बघेन," मी म्हटलं.

"तुम्ही नाही, त्यांनी."

"ते कुठे बघतायत? मीच बघेन." (बघतेही. अजूनही.)

घरी येताना लेक म्हणाली, "बाबा, हल्ली बॅटरीवर गरम होणारे हातमोजे मिळतात. बूट पण. मी बघते." लेक एका ऑफिसात आहे आणि जगातली कुठलीही वस्तू फोनवरून मागवू शकते.

तिने फोन बघितला, मी देवाकडे बघितलं. लेकीचा मार्ग लेकीचा, माझा माझा. काय सोडावं? गोड सोडलं असतं, पण साखर डॉक्टरीणबाईंनी आधीच बंद केलीय, आणि नियमकाकूंच्या मते डॉक्टरने सोडायला लावलेलं नवसात धरत नाहीत. मग माझं सगळ्यांत लाडकं काय? डोळे मिटले आणि मी गरम चहा सोडला.

दुसऱ्या दिवशी जप संपवून मागे वळले तर हे पेला घेऊन तय्यार.

"मला नको," मी म्हटलं. "यापुढे मी गारच घेणार. तो टेबलावर ठेवा, दुपारी पिईन."

"गार चहा?"

"नवस आहे. तुमच्यासाठी."

यांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग सकाळी मी काय करू?"

"तुम्ही आराम करा. स्वस्थ बसा."

हे स्टुलावर स्वस्थ बसले. हात मांडीवर ठेवून. बिचारे, काय करावं ते त्यांना सुचेना.

खरं सांगते, तो गार चहा प्यायला मला फारसं जड गेलं नाही. थोडा जास्त गार लागला, एवढंच. मला वाटलं, किती बळ देतो देव! मनातल्या मनात मी स्वतःवर जरा खूशही झाले.

पण चमत्कार बघा. नवस सुरू झाला आणि यांचे हात आणखी गार पडले. पूर्वी निदान सकाळची गिऱ्हाइकं गप्प असायची, आता सकाळी दुकान उघडलं की खालून "आई गं!", "अरे देवा!", "अहो, हळू!" असे आवाज वर यायला लागले. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची विजार इतकी घट्ट झाली की तो ट्रायलला आला तो बसलाच नाही. उभ्यानेच भांडला, उभ्यानेच गेला.

मी घाबरून नियमकाकूंकडे धावले.

"नवस उलटा फिरतोय हो काकू!"

"कुठेतरी पळवाट ठेवली असशील. चहा गार म्हणजे कसला गार घेतेस?"

"करून ठेवतात, मग दुपारी पिते."

"तो गार नव्हे. तो निवलेला. गार म्हणजे फ्रिजमधला."

मी फ्रिजमधला चहा प्यायला लागले. दात शिवशिवले. यांचे हात तसेच. मग मी त्यात बर्फ टाकायला लागले. लेक म्हणाली, "आई, याला बाहेर दुकानात खूप पैसे पडतात, तू फुकट पितेस." पण मी ठाम. जितका माझा चहा गार, तितके यांचे हात गरम होणार, असा माझा हिशोब. (माझं गणित पहिल्यापासून असं आहे.)

इकडे लेकीची पार्सलं यायला लागली.

पहिले आले हातमोजे. काळे, जाडजूड, मनगटाशी बॅटरी, वर छोटा लाल दिवा. हे घालून उभे राहिले तर मुष्टियोद्धा दिसायला लागले. ऊब छान, यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "अगं, बोटं आहेत मला!" मग सुई उचलायला गेले. सुई उचलता येईना. टाचणी येईना. कातरीत बोट जाईना. शेवटी शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास तेवढा उचलून दाखवला आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. हातमोजे घातले की काम बंद, काढले की बोटं गार. लेक म्हणाली, "उघड्या बोटांचे असतात, बदलून घेते."

दुसरी आली पायांसाठी एक मोठी लोकरी पिशवी. तीत दोन्ही पाय एकत्र घालायचे, तिला वायर, वायर भिंतीत. हे मशीनवर बसले, पाय पिशवीत, पिशवी पायपट्टीवर. पायांना जाणवतं कमी, त्यात एवढी लोकर. किती जोर पडतोय ते यांना कळेना. मशीन सुसाट सुटलं. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही यांनी एका दमात शिवून काढली, तोंडासकट. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, हे सवयीने उठले, आणि पाय पिशवीत आहेत हे विसरले. पोत्यातली शर्यत असते ना, तशा दोन उड्या मारत काउंटरपर्यंत गेले. तिसऱ्या उडीला वायर संपली. काउंटर धरला म्हणून वाचले.

"काही लागलं का?" गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

"नाही नाही," हे म्हणाले, "पाय गरम करत होतो."

"हो, व्यायाम चांगलाच," त्या म्हणाल्या, आणि बंद तोंडाची बाही घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या.

तिसरी वस्तू मात्र गुणाची निघाली. बुटात घालायचे तळवे. सपाट, पातळ, आत बॅटरी. बरोबर काळा, चपटा, अंगठ्याएवढा रिमोट. एकदा दाबलं की कोमट, दुसऱ्यांदा गरम, तिसऱ्यांदा मालिश, म्हणजे तळवा खालून थरथरतो, आणि चौथ्यांदा बंद. यांनी कोमटवर ठेवून दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी वर येऊन पाय माझ्यासमोर धरले. "हात लाव." मी लावला. गरम! इतक्या वर्षांत पहिल्यांदा यांचे पाय माणसाचे लागले. मला भरून आलं. हे म्हणाले, "मालिश नको पण. गुदगुल्या होतात." यांना गुदगुल्या फार. लेक लहान असताना यांना हरवायचं झालं की पायालाच हात घालायची.

मी लगेच नियमकाकूंना विचारलं, "बॅटरीने गरम झाले तर नवस फळला का?"

त्यांनी डोळे मिटून विचार केला. "नवसात 'आपोआप' म्हणाली होतीस?"

"नाही."

"मग बॅटरी चालेल. पण तू 'हातपाय' म्हणालीस. पाय झाले. हात राहिले."

अर्धा नवस फळला. अर्धा गार चहा नियमात बसत नाही म्हणे, म्हणून बर्फ चालूच.

आणि मग तो रविवार आला. बँडमास्तर सकाळी माप द्यायला येणार होते. यांनी दाढी केली, टेप धुतला, (टेप कुणी धुतं का? यांनी धुतला.) बुटात तळवे घातले. बदललेले हातमोजे अजून आले नव्हते, म्हणून जाडे हातमोजे अगदी शेवटच्या क्षणापर्यंत घालून बसायचं ठरलं. हे म्हणाले, "पायांचं पाहिलं, आता हातांचं देव बघेल." मग लेकीला म्हणाले, "रिमोट कुठे ठेवू? गडबडीत खिशात दाबला जाईल."

लेक म्हणाली, "वर देवापाशी ठेवते. आई तिथून हलत नाही, हरवायचा नाही." कोमटवर लावून तिने तो देवाजवळच्या फळीवर ठेवला आणि खाली गेली.

आता माझ्या जपाचं यंत्र काय आहे, ते सांगायला हवं. पूर्वी मी बोटांवर मोजायचे. मग लेकीने मला मोजणीचं एक बटण आणून दिलं. नाव घेतलं की अंगठ्याने दाबायचं, आकडा पुढे सरकतो. काळं, चपटं, अंगठ्याएवढं. तेही त्याच फळीवर असतं.

आलं ना लक्षात? मला नाही आलं.

मी डोळे मिटले. आज खास जप, बँडमास्तरांच्या कोटासाठी. नाव घ्यायचं, दाबायचं. नाव घ्यायचं, दाबायचं. मन इतकं लागलं म्हणता! खालून काहीतरी धप्प् धप्प् आवाज येत होते. मला वाटलं, मास्तर ठेका धरतायत, म्हणजे मूड चांगला आहे. मी जपाचा वेग वाढवला.

खाली काय चाललं होतं, ते लेकीने नंतर सांगितलं. यांनी हातमोजे काढले, टेप मास्तरांच्या खांद्यावर लावला, आणि तळवे थरथरायला लागले. हे "हीऽऽ" करून हसले. मास्तर म्हणाले, "काय झालं?" हे म्हणाले, "काही नाही." थरथर थांबली. यांनी टेप छातीला लावला. पुन्हा थरथर. हे एका पायावर उभे राहिले, मग दुसऱ्यावर, मग टेपचं एक टोक मास्तरांच्या गळ्यात तसंच ठेवून त्यांच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. तोंडात टाचण्या, म्हणून मोठ्याने हसता येईना. नाकातून हसत होते.

"टेलरसाहेब," मास्तर गंभीरपणे म्हणाले, "मी तुम्हाला हसण्यासारखा दिसतो का?"

यांनी टाचण्या काढल्या. "नाही हो, पायात... पायात मशीन आहे."

आणि सावरायला म्हणून यांनी हात पुढे केला तो मास्तरांच्या पोटाला लागला. सगळ्या बोटांनिशी. मास्तरांची किंकाळी मी वर ऐकली.

पाठोपाठ लेकीची. "आई! हातात काय आहे तुझ्या? आई, रिमोट!"

मी डोळे उघडले. हातात रिमोट. जपाचं बटण फळीवर, शून्यावर.

धावत खाली गेले तर मास्तर शर्टाची बटणं लावत होते. हे भिंतीशी उभे. टेप काढून त्यांनी हातात घेतला होता आणि त्याची गुंडाळी करत होते, अगदी हळू, जणू शेवटची. सगळा दोष माझ्या अंगठ्याचा.

लेकच पुढे झाली. "काका, निदान चहा तरी घ्या. एवढ्या थंडीत आलात."

मास्तरांनी एक क्षण विचार केला. "चहाला नाही म्हणत नाही मी. पण घेतो आणि निघतो."

लेकीने वरून उकळता चहा आणला. घाईत कप सापडेना, म्हणून माझा मोठा स्टीलचा पेला भरून आणला. मास्तरांनी तो घेतला आणि सुरुवात केली, "तुम्हाला कल्पना नाही, मागच्या वर्षी माझी काय अवस्था झाली ती..." आता बँडमास्तर माणूस. त्यांना हातांशिवाय बोलता येत नाही. पहिल्याच वाक्याला चहा हिंदकळला. "जरा धरा हो," म्हणून त्यांनी पेला यांच्या हातात दिला.

यांनी तो सवयीने दोन्ही हातांत धरला. आणि सवयीनेच स्टुलावर बसले.

मास्तरांनी बटणाची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून. हात वर कसे केले, बटण कसं उडालं, ढोल कसा वाजला, कुणी कुठलं गाणं धरलं, आणि ते प्रत्येक गाणं कसं होतं. मध्ये एकदा ते स्वतःच हसले. मग लेक हसली. मग मी. हे पेला धरून ऐकत होते, जसे माझा जप ऐकतात तसे. गोष्ट संपेपर्यंत मास्तरांचा राग कुठल्या कुठे गेला होता. चहाही ते विसरले.

"बरं," डोळे पुसत म्हणाले, "घ्या एकदाच माप. पण हात लागला की मी चाललो." आणि त्यांनी हात पसरले, डोळे घट्ट मिटले, दात आवळले.

यांनी पेला टेबलावर ठेवला. टेप सोडवला. खांदे, छाती, पोट, कंबर, दंड. दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, एक पडलीही.

"घ्या ना हो," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "किती वेळ लावता?"

"घेतलं," हे म्हणाले.

"घेतलं? कधी?"

यांनी टेपवरचा पोटाचा आकडा पुन्हा एकदा बघितला. मागच्या वर्षीपेक्षा इतका जास्त होता की यांनी मोठ्याने वाचला नाही.

मास्तरांनी डोळे उघडले, यांचा हात धरला आणि दाबून बघितला. "अहो, हा तर गरम आहे!"

मी पुढे झाले. दुसरा हात धरला. गरम. बोटांची टोकं गुलाबी. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी दचकले, ते आता उलट्या कारणाने.

हे आपल्या हातांकडे बघत होते. मग पेल्याकडे. मग माझ्याकडे. "अगं," हळूच म्हणाले, "रोज सकाळी मी तुझा चहा धरून बसायचो..."

"आणि मग मापं घ्यायचात," लेक म्हणाली.

"सकाळी," हे म्हणाले.

"आणि आईने चहा बंद केला," लेक म्हणाली.

तिघांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे यांचे हात गरम व्हावेत म्हणून मी जे सोडलं, त्यानेच यांचे हात गरम राहत होते. मी म्हटलं, "पण शेवटी नवस फळला की नाही? हातही गरम, पायही गरम!" आणि नियमकाकूंची वाट न बघता टेबलावरचा तो पेला उचलून तोंडाला लावला.

आहाहा! काय सांगू! तोच माझा चहा. तीच चव, तोच गरमपणा. डोळ्यांत पाणी आलं. "किती दिवसांनी गरम चहा!" मी म्हटलं.

लेकीने पेल्याला हात लावला. "आई, हा कोमट आहे."

"काहीतरीच. चांगला गरम आहे. मी रोज असाच तर घेते."

लेक वर गेली, पातेल्यातला चहा पुन्हा उकळवून कपात ओतून आणला आणि माझ्या हातात दिला. मी मोठ्या विश्वासाने घोट घेतला आणि माझी जीभ अशी भाजली की पुढचे दोन दिवस मी देवाचं नाव बोबडं घेतलं.

"गरम चहा हा असा असतो," लेक म्हणाली. "ऊब सगळी बाबांच्या हातात जायची. तू इतकी वर्षं कोमटच पीत होतीस. जो कधी प्यायलीच नाहीस तो सोडलास! दवाखान्याच्या लिफ्टसारखं."

हे गडबडीने म्हणाले, "मला वाटायचं तुला तसाच आवडतो."

मास्तर इतके हसले की नुकतं लावलेलं शर्टाचं बटण तुटलं. यांनी ते तिथल्या तिथे लावून दिलं, गरम हातांनी.

मास्तरांचा कोट झाला, हात वर करून, पोट भरून, मोठ्याने हसून बघितला, बसला. मग बाकीचेही कोट आले. उघड्या बोटांचे हातमोजे आता दुपारी यांच्या हातात असतात, तळवे बुटात असतात, आणि रिमोटला लेकीने पिवळी फीत चिकटवलीय. लोकरी पिशवी मी जपाला बसताना वापरते. नियमकाकू आल्या तरी तीत पाय असताना उठून उभी राहत नाही, तेवढंच बरं.

आणि सकाळी हे चहा करतात, पेला दोन्ही हातांत धरून मागे बसतात. मी जप मुद्दाम लांबवते. दोनचार नातेवाईक नवे धरलेत.

तेव्हा बायांनो, तुमच्याही घरात कुणाचे हात गार असतील, तर डॉक्टरला दाखवा, चांगले हातमोजे-तळवे बघा, आणि माझ्यासारखा एक नवस जरूर बोला: रोज सकाळी आपला पेला त्यांच्या हातात द्यायचा आणि प्रार्थना जरा सावकाश करायची. चहा कोमट होईल, होऊ द्या. फक्त तो पिताना "किती गरम आहे!" असं मोठ्याने म्हणू नका. आमच्याकडे अजून हसतात.